अर्धं गेट उघडं, अर्धं बंद

२ डिसेंबर

कुरियर गेलं एकदाचं. दोन कुप्या, कापसात गुंडाळून, नवऱ्याच्या, संतोषच्या, दुकानातल्या ठिबकच्या जॉइनरच्या खोक्यात. कुरियरवाला खोकं कानाशी हलवून विचारतो, "मॅडम, आत काय, मसाला?" म्हटलं हो, मसालाच. त्याला स्फटिक समजावत बसले असते तर गाडी चुकली असती.

एका कुपीवर मु., दुसरीवर पो. मुरवलेले आणि पोकळ. कुपी करंगळीएवढी, तिच्यावर निबंध कुठं लिहिणार? पुण्यात सरांच्या प्रयोगशाळेत पराग मोजणार आहे. पीएच.डी. करतोय म्हणतात, बालवाडीत नाही. एवढं कळेल त्याला.

पोकळ करायला जीव गेला. कॉलेजचं ओव्हन जरा तापलं की लाईट जाते. पंप असा खोकतो की शेजारच्या वर्गातला मराठीचा तास बंद पडतो. तरी केलं.

सरांचा मेसेज, 'पाठवलंस?' एवढाच. कशी आहेस, कॉलेज कसं चाललंय, काही नाही. यापुढे सरांना इथं म. लिहिणार. महाराजांचा म. माझे गाईड. सहा वर्षांत गादीवर बसून आशीर्वाद देण्यापलीकडे काही केलेलं नाही. पूर्ण नावाला शाई कशाला घालवा.

प्रबंध ३१ जानेवारीला जमा. शेवटची मुदतवाढ. नंतर नोंदणीच रद्द. आणि चौथं प्रकरण सगळं या दोन कुप्यांवर. आधीची तीन म्हणजे स्फटिक कसे बनवले त्याच्या पाककृती, त्यावर कुणी डॉक्टर करत नाही.

४ डिसेंबर

सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, आळीत सांगून ठेवलंय की आमची मंजू हिऱ्यांचं काम करती. आज दोघी जणी घरी येऊन माझे कान, गळा बघून गेल्या. तिथं काही नाही म्हटल्यावर चहासुद्धा अर्धा ठेवला.

रात्री भाकऱ्या करताना आत्या खोदून खोदून विचारत होत्या. "किती हिरं हायेत गं?" दोन. "आन माणिक?" एक कण, डोळ्याला दिसत नाही एवढा. "मंग काय उपेग!"

समजावलं. दोन हिरे टोकाला टोक लावून. मधे पत्रा, पत्र्याला केसाएवढं भोक. भोकात माझा स्फटिक, तेल आणि माणकाचा कण. स्क्रू आवळला की हिरे दाबतात. दाब किती, ते माणकाच्या उजेडाच्या रंगावरून कळतं. आणि स्फटिक म्हणजे काय, तर आमच्या कॉलेजच्या जिन्याला चॅनल गेट आहे ना, तसं. धातूचे खिळे, खिळ्यांना जोडलेल्या दांड्या, मधे रिकाम्या चौकटी. बाजूनं रेटलं की चौकटी चपट्या होतात आणि गेट मिटतं. चौकटींत आधीच स्पिरिट मुरलेलं असेल तर मिटत नाही. मिटलं की उघडं राहिलं, ते पुण्याच्या यंत्रात क्ष-किरण सोडून कळतं.

"पोती कोंबल्यावर कसं मिटंल," आत्या.

म्हटलं, पोकळ असेल तर मिटतं, हे जगाला माहीत आहे. मला बघायचंय की दाब काढल्यावर परत उघडतं का. माझ्या दांड्यांना मी एक जादा फांदी लावलीय. ती आत अडकून गेट पुन्हा ढकलेल असा माझा अंदाज.

"न्हाई उघडलं तर?"

तर काय. डोंबल.

६ डिसेंबर

परागचा फोन. खोकं पोचलं. आधी विचारतो, "मॅडम, तुमच्याकडे खरंच बिबटे फिरतात?" हो बाबा, हजेरी घ्यायला येतात. मग म्हणे, "तेलात दाबू की स्पिरिटमध्ये?" कपाळ माझं! स्पिरिटचे रेणू बारके, ते फटीफटीतून आत घुसतात. मग पोकळ करायला मी ओव्हनपुढे झक मारली का? तेलात म्हटलं. जाड्या रेणूंचं तेल, बाहेरून रेटेल फक्त. "हो हो मॅडम, तेलात." कुठल्या कुपीचं आधी, ते विचारलंसुद्धा नाही. विचारेल.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, तुमचं हे दाबाचं संशोधन आपल्या शेतकऱ्याच्या काय कामाचं?" आपला शेतकरी. स्वतः तीन पिढ्यांत कुणी बांधावर उभं नाही. म्हटलं, सर, याच्या चौकटींत वायू साठवता येतो, ओलावा धरता येतो, विषारी धूर गाळता येतो. "अस्सं. मग आहुप्याच्या शिबिराला तुम्हीच जा, तिथं गाव दत्तक घेतलंय." या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, ते त्यांच्या खुर्चीलाच ठाऊक.

आहुपे. सात दिवस. डिसेंबरात. तिथं फोनला रेंज नाही.

९ डिसेंबर

म.चा फोन, तोही स्वतःहून! आवाज चढलेला.

"मंजूषा, अगं काय पाठवलंयस तू! अर्धं गेट बंद, अर्धं उघडं! एकाच नमुन्यात, एकाच दाबाला! असं कुणी पाहिलेलं नाही!"

म्हटलं, कुठल्या कुपीतलं, सर?

"अगं तुझंच. जुन्नरचं."

तेवढ्यात त्यांच्याकडे कुणीतरी आलं आणि फोन ठेवला. मी पोकळच धरून चालले. मुरवलेलं तर मिटायलाच नको होतं.

खोटं कशाला लिहू, नाचले. ओट्याजवळ एकटीच. सहा वर्षांत या माणसानं माझं नाव दोनदा चुकीचं लिहिलंय आणि आज अगं मंजूषा. आत्या म्हणाल्या, "काय गं, पगार वाढला?"

दाब काढल्यावर काय झालं, ते विचारायचं राहिलं.

१२ डिसेंबर

आलेख आले. परागनं ते रंगवलेत छान, दिवाळी अंकासारखे. मिटलेल्याचे लाल, उघड्याचे निळे. दाब काढतानाचं मोजमाप नाहीच. विचारलं तर म्हणे, "सर म्हणाले एवढ्यावर थांब, आधी लिहून काढू." माझा प्रश्न तोच होता की रे, गाढवांनो.

आणखी एक गोष्ट टोचतेय. लाल आणि निळं, दोन्ही जवळपास सारखं. स्क्रू आवळत नेला, दाब वाढत गेला, तरी प्रमाण तेच. अर्धं मिटलं आणि उरलेल्यानं ठाम सांगितलं की आम्ही मिटणार नाही? दाबाखाली कुणी इतकं ठाम असतं का?

म.नं नावही ठेवलंय, 'निवडक लवचिकता'. म्हणजे स्फटिक निवड करतो. अकलेचे तारे! आमच्या संस्थेत माणसं निवड करत नाहीत, स्फटिक कुठून करणार?

पण प्रकरण चार भरतं यानं. झकास भरतं. हेही लिहून ठेवते, नाहीतर मी सोवळी आणि बाकी सगळे चोर असं पुढं वाटायचं.

१५ डिसेंबर, आहुपे

थंडी. शाळेच्या वर्गात पोरींसोबत झोपायचं. सकाळी चर खणायचे, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी कुणीतरी टाळ्या वाजवायला शिकवतं. पोरं मात्र चांगली आहेत, मुकाट खणतात. पारगावचा एक जण म्हणाला, "मॅडम, ऊस तोडण्यापरीस हे बरं हाय."

देवराईत गेलो. आत शिरल्याबरोबर पोरंसुद्धा हळू बोलायला लागली. वाळकी काटकीही तिथनं कुणी उचलत नाही. आमच्यातल्या एकानं सेल्फी काढायला फांदी वाकवली. गावातल्या आजोबांनी नुसतं बघितलं, त्यानं फांदी सोडली. मला तिथं बरं वाटलं. एवढंच.

१७ डिसेंबर, आहुपे

प्राचार्य गाडीतून आले, बूट न मळवता स्टेजवर चढले. विषय युवकांपुढील आव्हाने. "मुलांनो, दाबाखालीच कोळशाचा हिरा होतो!" टाळ्या. आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "काय मॅडम, बरोबर ना? तुमचाच विषय!"

मी मान हलवली. साहेब, दाबाखाली बहुतेक गोष्टींचा चुरा होतो. मी रोज बघते. पण जेवण व्हायचं होतं.

रेंजसाठी कड्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. एक काडी आली आणि गेली. डोक्यात तेच चाललंय, सारखं प्रमाण. दाब वाढवला तरी सारखं. स्फटिक लहानमोठे असतील तर काही आधी मिटतील, काही नंतर, लाल हळूहळू वाढत जाईल. इथं लाल सुरुवातीलाच उडी मारतं आणि मग ढिम्म.

२१ डिसेंबर

घोडेगावला एसटी आली आणि फोन खणाणला. सगळे मेसेज एकदम. म.चे सलग.

'सारांश पाहून कळव.'

'आज शेवटची तारीख आहे.'

'तुझा होकार गृहीत धरून परिषदेला पाठवला. दुसरं नाव तुझं. चौथं प्रकरणही असंच लिही, मसुदा जोडला आहे.'

गृहीत धरून! आहुप्याला रेंज नाही हे यांना सांगून गेले होते. एसटीत बसून मसुदा वाचला. माझ्या स्फटिकावर इतकं गोड कुणी लिहिलेलं नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, रडताय का हसताय?"

२२ डिसेंबर

संतोषला सगळं सांगितलं. त्याला पंप, पाइप, व्हॉल्व्ह यापलीकडे रस नसतो, पण म.बद्दल सांगितलं की कान देतो. म.ला त्यानं एकदाच पाहिलंय, आमच्या लग्नात. आहेर न देता दोनदा जेवून गेले, हे त्याच्या डोक्यात पक्कं आहे. मसुद्याबद्दल ऐकून म्हणाला, "मंजू, कुठंतरी पाणी मुरतंय बघ ह्यात. तो मानूस उगाच तुजं नाव न्हाई लावणार."

मी फिस्सकन हसले. म्हटलं, मुरलेलं वेगळ्या कुपीत आहे बाबा, मु. लिहिलंय वर. ते यात कसं

थांबले. भाकरी करपली.

दोन्ही कुप्यांत मी सारखंच भरलं होतं. चमचा सपाट करून. अर्धं अर्धं.

आत्या म्हणाल्या, "आगं वास सुटलाय, तव्याकडं बघ की!"

२४ डिसेंबर

पहिल्या गाडीनं पुण्याला. चाकणपर्यंत पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या उसाच्या, त्यावर गाणी. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मी थकले नाही, मी मनातल्या मनात भाषण करत होते. परागला काय काय बोलायचं ते सगळं तयार होतं.

म. बैठकीत. बरं झालं.

परागच्या फळीवर माझी एकच बाटली. मोठी, काचेची, नवी. वर छापील लेबल. मु. पो. जुन्नर.

हे काय म्हणून विचारलं.

"तुमचाच नमुना मॅडम. दोन कुप्या होत्या ना, एकीवर मु. आणि एकीवर पो. मला वाटलं, तुम्ही पत्ता लिहायला घेतलात आणि जागा संपली. एवढ्याशा कुप्या, सांडायची भीती. म्हणून एका बाटलीत केलं, नीट हलवून एकजीव केलं आणि पत्ता पूर्ण केला." मग जरा ओशाळून, "तालुका जिल्हा राहिला."

सगळं भाषण विसरले. आधी हसू आलं. हसू थांबेना. मग पराग घाबरून पाणी घेऊन आला आणि मला रडू फुटलं. त्या गोऱ्या, नीटनेटक्या, सरळ मनाच्या पोरापुढं. एकजीव केलं म्हणे!

मु. म्हणजे मुरवलेले, पो. म्हणजे पोकळ, हे सांगितल्यावर त्याचं तोंड बघवेना. "मॅडम, सरांनी फक्त सांगितलं की जुन्नरहून नमुना येईल. दोन वेगळे येतील, असं नाही बोलले." दोन्ही पाठव, हे म.नंच मला सांगितलं होतं. फोनवर. स्वतःच.

म्हणजे निवडक लवचिकता वगैरे काही नाही. पोकळ होते ते झटकन मिटले, मुरलेले होते ते मिटले नाहीत. जगाला आधीच माहीत असलेल्या दोन गोष्टी एका बाटलीत हलवून ठेवल्या.

२५ डिसेंबर

मूर्ख. पहिला पराग. दुसरे म. तिसऱ्याचं नाव लिहीत नाही, रोजनिशी तिचीच आहे.

जगातल्या दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत हा घोळ झाला नसता. जपानी माणसानं खुणा तशाच ठेवल्या असत्या. जर्मन माणसानं फोन करून विचारलं असतं. पण मराठी माणसाला मु. आणि पो. शेजारी दिसले की पुढं गाव दिसतंच. आजीच्या पत्रापासून लाईटबिलापर्यंत तेच वाचत आलोय. मी स्वतः, मी, मु. पो. ओझर लिहून मोठी झाले. आणि त्याच दोन अक्षरांनी माझी सहा वर्षं बुडवली.

शब्द वाचवायची खोड. म., मु., पो. जणू शाई रेशनवर मिळते.

२६ डिसेंबर

म.ला फोन केला. सगळं नीट सांगितलं, न रडता. त्यांचा पहिला प्रश्न, "हे कुणाला सांगितलंस?"

कुठं चुकलं, काय करायचं, दुसरा नमुना आहे का, काही नाही. कुणाला सांगितलंस!

मग आवाज मऊ. "अगं, मिसळलं म्हणजे दोन्ही अवस्था दिसल्या ना? तेही निरीक्षणच. तू उगाच बाऊ करतेस. प्रबंध जमा कर. परीक्षक काय कुप्या हुंगायला येणार आहेत? नंतर सवडीनं दुरुस्ती देऊ."

नंतर सवडीनं. यांच्या टेबलावर माझं दुसरं प्रकरण दीड वर्ष सवडीनं पडलं होतं, त्यावर चहाच्या कपाचे गोल.

आणि मी काय म्हणाले? "विचार करते, सर." विचार करते! सहा वर्षं ज्या माणसाला मनात शेलक्या शिव्या घातल्या, तो समोर आला की माझी जीभ अशी वळते. मला माझीच किळस आली.

२८ डिसेंबर

संतोष म्हणतो, दे की जमा. "डॉक्टर हो एकदा. मंग कर काय दुरुस्त करायचं ते. तुजी चूक न्हाईच, त्या पोरानं मिसळलं." त्याच्यावर ओरडले. तो चिडला नाही, दुकानात गेला. त्याला फक्त मी झोपावं असं वाटतंय.

आत्यांनी विघ्नहराला बोललंय, मंजू डाक्टर झाली की एकवीस मोदक. आज चतुर्थीला ओझरला गर्दीतून जाऊन परत सांगून आल्या. "म्हटलं, इसरू नको देवा, जानेवारी हाय." देवाला तारीख सांगून आलेल्या बाईला काय सांगणार?

खरं सांगायचं तर मीही दोनदा मसुदा उघडला. पहिलं पान फार चांगलं आहे. स्वाक्षरी केली की संपलं. कुणाला कळणार नाही. परागला कळलंय, पण तो बोलायचा नाही, त्याचंही पुढचं म.च्याच हातात. कळणार ते मलाच. आणि पुढं एखादी पोरगी, कुठल्या तरी गावातली, माझा प्रबंध वाचून तोच स्फटिक बनवील, दाबील, आणि अर्धं अर्धं येत नाही म्हणून स्वतःलाच मूर्ख समजत बसेल. तिला कुणी सांगणार नाही की मॅडमनी पत्ता नीट लिहिला नव्हता.

१ जानेवारी

म.ला मेसेज केला. 'चौथ्या प्रकरणातून हा निकाल काढते आहे. परिषदेच्या सारांशातून माझं नाव काढावं. नमुने मिसळले होते.' परिषदवाल्यांनाही तेच लिहिलं, म. माझं पत्र दाबून टाकतील म्हणून.

उत्तर दुपारी. 'तुझ्या निष्काळजीपणाचा फटका सगळ्या गटाला बसतो आहे. जानेवारीत यंत्र मोकळं नाही.'

यंत्र मोकळं नाही म्हणजे नवीन मोजमाप नाही. मोजमाप नाही म्हणजे चौथं प्रकरण नाही. एकतीस तारीख. मग नोंदणी गेली. संतोषला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दोनदा जेवला व्हता." मला हसू आलं, नाहीतर दिवस फार वाईट गेला असता.

आत्यांना अजून सांगितलेलं नाही.

७ जानेवारी

थोडे ओले स्फटिक उरले होते, तेवढे पोकळ करायला घेतले. कॉलेजचं ओव्हन. लाईट गेली. आली. गेली. संतोषनं दुकानातला इन्व्हर्टर आणून लावला. प्राचार्य डोकावून म्हणाले, "मॅडम, कॉलेजची वीज खाजगी कामाला?" म्हटलं, सर, वीज घरची आणली आहे, भिंत तेवढी कॉलेजची. गेले.

थोडंसंच निघालं. चिमूटभर. रंग बदलला की कळतं पोकळ झालं, मोरपंखी गडद. सुंदर दिसतं, हे मी सहा वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही.

१० जानेवारी

परागचा फोन. आवाज इतका खाली की आधी वाटलं, आजारी आहे.

"मॅडम, माझ्या नावावर एक दिवस आहे यंत्राचा. अठरा तारखेला. मला तेवढा लागत नाही. तुम्ही या. सर परिषदेला गेलेले असतील."

म्हटलं, सरांना कळलं तर?

"कळेलच, मॅडम. नोंद होते." मग आणखी हळू, "हलवून एकजीव मी केलं होतं ना."

या पोराला मी बालवाडीतला म्हटलं होतं. शब्द मागे घेत नाही, बालवाडीत बरी माणसं असतात.

विचारलं, म.नं सारांश मागं घेतला का? पराग म्हणे, माहीत नाही, पण सरांनी लाल-निळ्या आलेखाचं मोठं पोस्टर छापून घेतलंय. माझ्या नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली आहे. पट्टी! नाव झाकलं, आलेख तसाच. हा माणूस कुठल्या मातीचा आहे!

१७ जानेवारी

आत्यांना सांगितलं. सगळं. मु. आणि पो. सुद्धा. वाटलं, आता मोदकांचा विषय निघतो. म्हणाल्या, "मंग आता पुरं लिव्ह की बाय. लेबलाला काय पैसं पडत्यात?"

लिहिलं. कुपीला कागदाची पट्टी दोनदा गुंडाळून, वळसे घेत, मुंगीच्या अक्षरात. 'पोकळ. तापवून रिकामे केलेले स्फटिक. यात काही मिसळू नये. हा पत्ता नाही.'

आत्यांनी कुपी दिव्याजवळ धरून अक्षरं लावली. "पोकळ म्हंजी आत काईच न्हाई?"

काहीच नाही.

"आन त्येला येवढं जपायचं!"

हो.

त्यांनी आपल्या रुमालात गुंडाळून दिली, नथ ठेवतात त्या.

१८ जानेवारी

एसटीत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं. पुढं पुन्हा उसाची ट्रॉली. कुपी रुमालात, रुमाल डब्यात, डबा मांडीवर. शेजारच्या माणसानं विचारलं, "ताई, काय सोनंबिनं हाय का?" नाही म्हटलं तर त्याचा विश्वास बसला नाही, सारखा डब्याकडं बघतोय.

करायचं एवढंच. तेलात ठेवायचं, हळूहळू आवळायचं. मिटेल, त्यात नवल नाही, मिटू दे. मग स्क्रू सैल करायचा आणि बघायचं. परत उघडलं तर चौथं प्रकरण आहे, आणि तेरा दिवसांत ते लिहून होईल, मी झोपले नाही म्हणजे झालं. मिटलेलंच राहिलं तर तसं लिहायचं, आणि त्याला कुणी प्रकरण म्हणेल की नाही, ते मला माहीत नाही.

म.चा फोन वाजतोय. परिषदेतून. पोस्टरपुढं उभं राहून करत असतील. दोनदा वाजला, आता तिसऱ्यांदा. परागनं यंत्राची नोंद केली असणार.

सर, थांबा जरा. आधी दाब काढून बघू दे.